बॉबिन गावाला गेली नव्हती

सागाच्या जंगलात फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुत्रं घेऊन चालायचं असेल, तर आधी आवाजाची तयारी ठेवावी. त्या दिवसांत साग पान टाकतो. एकेक पान पत्रावळीएवढं, वाळून कडक झालेलं, आणि वाटेवर त्यांचे थरावर थर. पाय पडला की ज्वारीचा बिबडा, म्हणजे पापड, मोडावा तसा आवाज होतो. माणसाला गंमत वाटते. शहरात वाढलेलं कुत्रं मात्र स्वतःच्याच पावलाला दचकतं, थांबून मागे बघतं, आणि मागे कोणी नाही म्हणून आणखीच घाबरतं. माझ्याबरोबरचं कुत्रं तर पहिल्या शंभर पावलांत पंधरा-वीस वेळा थांबलं असेल.

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. सुरतेत लिंबायतला राहतो. मूळ गाव अमळनेरकडचं. चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, जॉबर होतो; लूम बिघडला की दुरुस्त करणारा. तीन दिवस जंगलात कुत्रं फिरवून आलो, त्याची ही हकीकत. ज्यांना असं जायचं असेल त्यांना वाट, जेवण, काळजी काय घ्यायची हे कळावं म्हणून लिहितोच आहे. पण त्याआधी एक खोटं खोडून काढायचं आहे. ते मी तीस वर्षं सांगत आलो.

चलथाण

सुनंदा ही माझा खात्यातला सोबती नामदेव याची मुलगी. आता चाळिशीला टेकली आहे. सकाळी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांमध्ये पत्र्याच्या दोन शेड टाकून, दोन मैत्रिणींबरोबर टाकून दिलेली, गाडीखाली आलेली कुत्री सांभाळते. वर्षातून एकदा ती निवडक कुत्र्यांना जंगलात चालायला नेते. तीन दिवस एका माणसाकडे एकच कुत्रं. तिचं म्हणणं, जाळीच्या अलीकडून-पलीकडून कोणी कोणाला कळत नाही, बरोबर चालून कळतं. माणसाची सवय झालेल्या कुत्र्याला नंतर घर मिळणंही सोपं जातं.

"काका, एक माणूस कमी पडतोय. तुम्ही चला," ती म्हणाली.

"अगं, माझे गुडघे बघ."

"म्हणून तर तुम्हाला लंगडं देतेय. दोघं सारखेच चालाल."

कुत्र्यांना ती जिथे सापडली त्या जागेचं नाव देतात. त्यामुळे सकाळी शेडमध्ये हजेरी लागली की एसटीचा कंडक्टर ओरडतोय असं वाटतं: उधना! डिंडोली! कामरेज! मला मिळाला तो पाटिया. पर्वत पाटियाच्या पुलाखाली, मागचा पाय मोडलेल्या अवस्थेत, खांबाला बांधलेला सापडला होता. तपकिरी रंग, एक कान अर्धाच. मी जवळ गेलो तसा तो माझ्याकडे पाठ करून बसला.

"त्याच्याकडे बघू नका," सुनंदा म्हणाली. "हाकही मारू नका. नुसते शेजारी बसा."

मी अर्धा तास पोत्यावर बसून राहिलो. बाजूने हितेशभाई गेले. हे कापडाचे दलाल, मोठे गमत्ये, दरवर्षी येतात. म्हणाले, "काका, जावयाकडे आल्यासारखे काय बसलात? चहा मागा की."

मग गाडीत बसलो. सहा माणसं, सहा कुत्री आणि ड्रायव्हर.

सुरतेतला खानदेशी माणूस हा रस्ता झोपेतही ओळखेल. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, मग धुळे. आमच्या गावाचा हाच रस्ता. लग्नाला याच रस्त्याने जायचं आणि मयताला याच. मी मात्र सोनगढ सोडलं की डोळे मिटून घेतो. शेजारच्याला वाटतं म्हाताऱ्याला डुलकी लागली. या खेपेलाही मी डोळे मिटले. पाटिया पायाशी होता.

त्याचं कारण असं.

तीस वर्षांपूर्वी आमच्या खात्यात एक कुत्री होती. पिल्लू असताना रिकाम्या बॉबिनी तोंडात धरून पळायची, म्हणून तिचं नाव बॉबिन. तिला खायला घालायचा नामदेव. सुनंदा तेव्हा आठ वर्षांची असेल. वडिलांचा डबा घेऊन यायची आणि डबा देऊन झाला तरी जायची नाही, बॉबिनला घेऊन पायरीवर बसायची.

एकदा सुट्टीच्या आदल्या दिवशी मी लूमला तेल दिलं आणि तेलाची कुप्पी तयार ताक्यांच्या थप्पीवर ठेवून घरी गेलो. ताके म्हणजे विणून झालेलं, बाजारात जायचं कापड. कुप्पी गळकी होती. मला ते माहीत होतं. सुट्टीनंतर सकाळी पहिला मीच पोचलो, कडी काढून आत गेलो, तर तेल थप्पीतून खालपर्यंत उतरलेलं. सगळा माल गेला होता. मी कुप्पी उचलून जमिनीवर आडवी टाकली. शेठ आले तेव्हा म्हणालो, दार उघडं होतं, कुत्री आत शिरली असणार, तिनेच पाडली.

दार लावायचं काम नामदेवचं होतं.

शेठने माझं लगेच मानलं. मी पाटलाचा आणि नामदेव बौद्ध घरातला, याचा त्या मानण्याशी काही संबंध नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. संबंध होता. बोलायच्या आधीच मला ठाऊक होतं की माझं मानतील. नामदेवला त्याच दिवशी काढलं. तो एवढंच म्हणाला, "लावलं होतं असं वाटतं. पण भाऊ, तू म्हणतोस तर राहिलं असेल."

कुत्री घालवायची जबाबदारी मी आपणहून घेतली. ती समोर दिसायला नको होती. नवापूरकडे जाणाऱ्या टेम्पोत तिला घेतली, सोनगढच्या पुढे, जिथे जंगलातून चढ लागतो तिथल्या एका वळणावर उतरवली, आणि झाडीच्या बाजूला पोळीचा तुकडा लांब फेकला. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. ती तुकडा घ्यायला गेली आणि आम्ही गाडी पळवली. पोळी टाकून ती मागे पळत आली.

परत आल्यावर सुनंदा दारात उभी होती. मी म्हणालो, "बॉबिनला मी गावाला नेऊन सोडलं. माझ्या भावाच्या मळ्यात."

आमच्याकडे माणूस दिसेनासा झाला की तो गावाला गेलेला असतो. म्हाताऱ्यांना गावाला पाठवतात, बाळंतिणीला पाठवतात, नापास मुलाला पाठवतात. सुनंदाला त्यात काही नवल वाटलं नाही. पण त्यानंतर मी गावाहून आलो की ती यायची. एका हातात मी आणलेले बिबडे घ्यायची आणि विचारायची, "काका, बॉबिन कशी आहे?" मग मी सांगायचो. बांधावर बसून असते. माकडांना मळ्यात येऊ देत नाही. बैलाशी गट्टी जमली आहे. एका साली मी तिला चार पिल्लं झाल्याचं सांगितलं, दोन पांढरी आणि दोन काळी. शेवटी, किती वर्षं जगवणार, म्हणून म्हातारपणाने मारली आणि चिंचेखाली पुरली. सुनंदा तेव्हा कॉलेजात होती. खूप रडली.

नामदेवला मी चलथाणच्या साखर कारखान्यात चिकटवून दिलं. लिंबायतहून तो रोज सायकलने जायचा. भाऊमुळे नोकरी लागली, असं तो भेटेल त्याला सांगायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याला काही कळलं नाही.

सुनंदा आता शाळांतून, सोसायट्यांतून बोलायला जाते तेव्हा सुरुवात बॉबिनपासून करते. आमच्या एका काकांनी एक कुत्री उचलून गावाला नेली, त्यावरून मला हे सुचलं, असं सांगते. मी ते कानांनी ऐकलं आहे, पहिल्या रांगेत बसून.

या तीन दिवसांत तिला खरं सांगायचं, एवढं ठरवून मी गाडीत बसलो होतो.

रमणभाईंचं अंगण

मुख्य रस्ता सोडून गाडी झाडीत शिरली की तासाभराने एक गामीत आदिवासींची वस्ती लागते. अभयारण्यात कुत्र्यांना मनाई आहे, ते योग्यच आहे. वस्तीच्या भोवतालच्या जंगलात मात्र फिरता येतं. रमणभाई हे तिथले शेतकरी. त्यांच्या अंगणात आमचा मुक्काम होता. बांबूच्या भिंती, वर शेणाचा लेप, सारवलेली जमीन इतकी स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात हा प्रश्न पडावा. वस्तीतली कुत्री लांबून आमच्या कुत्र्यांना बघत राहिली. आमची डिंडोली नावाची कुत्री फार भांडखोर, पण इथे आल्यावर सुनंदाच्या ओढणीत तोंड घालून बसली.

पहिल्या संध्याकाळी एक छोटी फेरी झाली. पाटिया आणि मी सगळ्यांच्या मागे. त्याला मागचा उजवा पाय टेकवता येतो, पण तो त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. मलाही डाव्या गुडघ्यावर ठेवता येत नाही. हितेशभाई पुढून ओरडले, "काका, तमे पाटियाने फेरवो छो के पाटिया तमने?"

कोण कोणाला फिरवतंय, याची त्यांना गंमत वाटली, पण विचारलं ते बरोबर होतं. पट्टा कसा धरायचा हे मला सुनंदाने शिकवलं होतं: ओढायचा नाही, सैल ठेवायचा, ते थांबलं की आपण थांबायचं. हे मला जमलं, कारण जॉबरचं सगळं काम ताणाचं असतं. लूमवर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला की आडव्या बोटाने हलकेच दाबून बघायचं. कुठला धागा जास्त ओढला गेलाय, कुठला तुटायला आलाय, ते बोटाला कळतं. पट्टाही तसाच. पाटिया घाबरला की डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या बोटांना कळायचं. मी थांबायचो. थोड्या वेळाने तोच एक पाऊल टाकायचा.

दिवेलागणीला जेवण झालं. नागलीचा, म्हणजे नाचणीचा रोटला, आख्ख्या उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीची चटणी. पहिल्या घासाला मी थबकलो. ही तर आमच्याकडची उडदाची डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खातात ती. फक्त लसूण कमी. मी तसं म्हणालो तेव्हा रमणभाईंची बायको हसली. म्हणाली, "मग तुम्ही आमचेच."

डाळ वाढता वाढता रमणभाई कुत्र्यांबद्दल बोलायला लागले. ते गुजरातीत बोलत होते, मी मराठीत लिहितो.

"तुम्ही आणता आणि घेऊन जाता, ते चांगलं. बाकी शहरवाले रस्त्यावर आणून सोडतात."

"कुठे?" सुनंदाने विचारलं.

"हायवेला, चढावर. सोडलेलं कुत्रं लगेच ओळखू येतं. ते जंगलात शिरत नाही. जिथे उतरवलं तिथेच बसतं. येणारी प्रत्येक गाडी बघतं. आम्ही रोटला टाकला तरी उठत नाही, न जाणो तेवढ्यात गाडी यायची. दोन दिवस, तीन दिवस बसतं."

"मग?"

"मग दीपडो नेतो." दीपडो म्हणजे बिबट्या.

सुनंदाने माझ्याकडे बघितलं आणि रमणभाईंना म्हणाली, "आमच्या बॉबिनचंही असंच झालं असतं. आमच्या वडिलांच्या खात्यातली कुत्री. हे काका नसते तर." आणि तिने सगळं सांगितलं. मळा, बैल, चार पिल्लं, चिंच. मी रचलेलं सगळं क्रमाने, एकही गोष्ट न विसरता. पिल्लांचे रंगसुद्धा.

रमणभाईंच्या बायकोने चुलीवरचा गरम रोटला माझ्या ताटात टाकला. "पुण्यवाल्या माणसाला एक जास्त," ती म्हणाली.

मी नको म्हणालो नाही. तो रोटला मी सगळा खाल्ला.

ओढ्याकडची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबची वाट होती. वस्तीच्या मागून चढ, मग बांबूच्या बेटातून खाली ओढा. रमणभाईंनी सांगून ठेवलं होतं: उन्हं वर आल्याशिवाय निघायचं नाही, सगळ्यांनी एकत्र राहायचं, कुत्रं मोकळं सोडायचं नाही. जाणाऱ्यांनी हे पाळावं. पायात बंद बूट हवेत. कुत्र्याच्या अंगाला कुसळं चिकटतात, ती दर थांब्याला काढावी लागतात, आणि कानामागे गोचीड बघावी लागते.

कुसळं काढताना पाटियाने पहिल्यांदा मला तोंड बघू दिलं. आधी मान ताठ होती. मग हळूहळू त्याने सगळं वजन माझ्या मांडीवर टेकलं. कुत्र्याचं वजन असं मिळणं म्हणजे काय ते लिहून सांगता येणार नाही. मी कुसळं संपल्यावरही काढत राहिलो.

ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. खडकावर पळसाला नुकत्याच कळ्या आल्या होत्या, काळपट, मखमली. माझा डावा कान लूमच्या आवाजाने केव्हाच गेला आहे, पण उजव्या कानाने इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पाटिया पाणी प्यायला, शिंकला, आणि शेपटी हलवली. हितेशभाईंनी टाळ्या वाजवल्या. सुनंदा म्हणाली, "काका, शेडमध्ये सहा महिन्यांत त्याने शेपटी हलवलेली नाही."

परतीच्या वाटेवर मी मूर्खपणा केला. मला लघवीला जायचं होतं. कोणाला हाक मारायची लाज वाटली, म्हणून पाटियाला एका रोपाला बांधलं आणि झाडाच्या आड गेलो. वीस पावलंसुद्धा नसतील.

तो जो ओरडला, तसं कुत्र्याला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. भुंकणं नाही, केकाटणं नाही. बाईमाणूस ओरडावं तसं. मी धावत आलो तेव्हा तो पट्ट्याला हिसके देत होता, पट्टा कुरतडत होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. गाठ सोडायला हात घातला तर तो माझ्या हाताला कडाडून चावला. आणि मग मी आहे हे कळल्यावर तसाच थिजून खाली बसला.

सुनंदाने मला ओढ्यावर नेलं. साबण लावून पंधरा मिनिटं वाहतं पाणी घालायचं असतं. ती तांब्याने घालत होती. रेबीजची आधीची इंजेक्शनं सगळ्यांना दिलेलीच असतात, तरी शहरात पोचल्यावर परत घ्यावी लागतात, हेही लक्षात ठेवावं.

"रागावू नका त्याच्यावर," ती म्हणाली. "बांधलं आणि माणूस दिसेनासा झाला, एवढंच त्याला ठाऊक आहे. तुम्ही परत येणारे आहात हे त्याला कुठून कळणार?"

तिने तांब्या परत भरला.

"मला नेहमी वाटतं काका, सोडून जाणारा मागे वळून बघत नसेल. बघत असेल तर सोडणार कसा?"

मी वळून बघितलं होतं. टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. हे त्या वेळी तिला सांगायला हवं होतं. तिथे तिसरं माणूस नव्हतं. कोणी हाक मारली नाही, कोणी मधे आलं नाही. माझा हात तिच्या हातात होता आणि ती पाणी घालत होती.

"पप्पा गेले तेव्हा तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले," ती म्हणाली.

मी म्हणालो, "पाणी गार आहे."

दुपारभर पाटिया माझ्यापासून लांब बसला. चारच्या सुमाराला उठून आला आणि बांधलेल्या हाताचा वास घेऊन शेजारी पडला. मला ते सोसेना. मी उठून परसात जाऊन उभा राहिलो, तर तोही लंगडत मागे आला.

हायवे

तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी करून निघालो. रमणभाईंच्या बायकोने वाळवलेले बांबूचे कोंब बांधून दिले, ते कसे भिजवायचे ते दोनदा सांगितलं. गाडी हायवेला लागली आणि मी डोळे उघडे ठेवले.

वळण सापडलं नाही. रस्ता चौपदरी झाला आहे. टेकडी कापून सरळ केली आहे, आणि जिथे झाडी होती असं मला वाटतं तिथे ढाबा आणि टायर पंक्चरचं दुकान आहे. मी इकडून बघितलं, तिकडून बघितलं. तीस वर्षं ज्या जागेला घाबरून डोळे मिटले ती जागाच राहिली नव्हती. मी ड्रायव्हरला म्हटलं, "बाबा, जरा बाजूला घे."

"काका, उलटी होतेय का?" हितेशभाईंनी विचारलं.

"नाही. सुनंदा, मी बॉबिनला गावाला नेलं नव्हतं. इथे सोडलं. इथेच कुठेतरी."

ती हसली. खरंच हसली, मी काही थट्टा करतोय असं वाटून. मग माझ्याकडे बघत राहिली.

मी सगळं सांगितलं. कुप्पीपासून. गाडीत सगळे होते, तरी सांगितलं. हितेशभाईंनी हात लांबवून गाणी बंद केली. मळा नव्हता, भावाने कुत्री कधी पाळली नाही, चिंचेखाली काही नाही. सांगून झालं तेव्हा मला वाटलं ती बॉबिनबद्दल विचारेल. तिने विचारलं, "दार बंद होतं?"

"बंद होतं."

"नीट आठवतंय?"

"कडी मी स्वतः काढली."

"म्हणजे पप्पांनी लावलं होतं."

"हो."

ती गाडीतून उतरली. रस्त्याच्या कडेने ढाब्यापर्यंत चालत गेली, तिथे उभी राहिली, परत आली. गाड्या जात होत्या. बसल्यावर तिने फक्त एक विचारलं. "मागे किती लांब आली ती?"

"दिसत होती तोवर येत होती."

व्यारा मागे पडलं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. पाटिया माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता. गाडीत तोच एक माझ्या बाजूला होता, कारण त्याला मराठी कळत नव्हतं.

बारडोली आल्यावर सुनंदा समोर बघत म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. आणि हे लिहून द्या. मी इतक्या लोकांना जे सांगितलं, ते मी एकटीने का खोडायचं?"

तिने काका म्हटलं नाही. अजूनही म्हणत नाही.

लिंबायत

पाटियाला घर मिळालं. नवसारीकडच्या एका शिक्षक जोडप्याने नेला, त्यांचं अंगण मोठं आहे. जंगलातून येताना मनात होतं की त्याला मीच मागावा. मी मागितला नाही. तो गेला त्या दिवशी शेडवरही गेलो नाही.

पुढच्या रविवारी सकाळी नामदेवच्या घरी गेलो. आमच्या गल्लीपासून चार गल्ल्या पलीकडे. वहिनी दारात बसून ताटात मेथी निवडत होत्या. मला बघून पदर सावरला. "या भाऊ. काय व्हयनं हाताले?" त्यांचं बोलणं अहिराणीत झालं, पुढचं मी सगळ्यांना कळेल असं लिहितो.

"कुत्रं चावलं."

"तुम्हाला? तुम्ही तर कुत्र्यांचे देव." त्या हसल्या. "सुनंदा, काकांना चहा टाक."

सुनंदा आतल्या दाराला टेकून उभी होती. ती हलली नाही. वहिनींनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

मी खाली जमिनीवर बसलो. खुर्ची होती, पण खाली बसलो. नामदेवचा फोटो समोर होता. मी त्याच्याकडे बघून सांगायला सुरुवात केली, मग ते बरं वाटेना म्हणून वहिनींकडे बघून सांगितलं. तेल, कुप्पी, कडी. शेठला काय म्हणालो ते शब्दाला शब्द. कुत्रीचंही सांगितलं, पण वहिनींचं लक्ष त्याच्या आधीच थांबलं होतं.

"दार लावलेलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो वहिनी. नामदेवने नीट लावलं होतं."

त्या बराच वेळ घराच्या दाराकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता मला घालवतील. घालवलं असतं तर बरं झालं असतं.

"ते रात्री कडी लावायचे," त्या म्हणाल्या. "मग अंथरुणावर पडायचे आणि परत उठून बघायचे, खातं सुटलं तेव्हापासून. कडी हलवून बघायचे. कधी तिसऱ्यांदा उठायचे. थंडी असो, ताप असो. शेवटी शेवटी उठवत नव्हतं तर मला उठवायचे, म्हणायचे, बघ गं लागली का. दवाखान्यात होते तेव्हा तिथलं दार बघायला सांगायचे. नातवंडं नक्कल करायची, आजोबा कडीला गुड नाइट म्हणून आले का?"

सुनंदा आत वळली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आम्ही सगळी हसायचो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मेथीची एक काडी उचलली, पानं खुडायला गेल्या आणि तशीच हातात धरून राहिल्या. "मी पण हसायचे हो, भाऊ. इतकी वर्षं मी त्यांना हसले."